सासरा साफ आला पाहिजे

“पडद्यावरचा खोटा डोंगर तुमच्या फोटोत साफ येते. त्याच्यावरचा एकएक दगड मोजून घ्या. अन् माहा बाप, जिता, चालताबोलता, तो काहून धुकट आला?”

हे नंदाबाई बोलून राह्यली होती, तिच्या नवऱ्याले, बाबुलाल फोटोवाल्याले. त्यांच्या अन् आमच्या घराच्या मधात तवा कुडाची भिंत होती. मी अलीकडं तूर पाखडत बसली होती. भांडण ऐकायले मी काही गेली नाही, भांडणच कुडातून इकडं आलं. सूप मात्र मी जरा हळू चालवलं.

“अवं, ती फॅशन हाय,” बाबुलाल सांगे. “समोरचा मानूस साफ, मागचं सारं धुकट. नागपूरले आता सारे असेच काढतात. नव्या भिंगाची कमाल हाय ते.”

“मंग सासरा बी नागपूरचाच पाहा लागत होता.”

त्याच्यानंतर एक भांडं पडलं. पडलं का पाडलं, ते कुडातून समजत नाही.

ह्या गोष्टीले लय वर्षं झाली. त्यांची अर्पिता तवा रांगत होती, आता ती पुसदले कॉलेजात जाते. घरामधला कूड जाऊन विटा आल्या. मागच्या आवारातली भिंत मात्र आम्ही दोघांनी मिळून छातीएवढीच ठेवली, देण्याघेण्याले बरी पडते म्हणून. ती किती बरी पडली ते पुढं सांगते.

झालं असं होतं, की नंदाबाईच्या भावाचं, लखनचं लगन होतं. नंदाबाईचा बाप डोंगरसिंग नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्याचा नायक. तांड्यात त्याले विचारल्याबिगर कोंबडा आरवत नाही. लग्नात तो नवरा-नवरीच्या मागं आशीर्वादाचा हात वर करून उभा राह्यला होता, डोक्यावर लाल फेटा, मिशांले तेल. बाबुलालनं नवीनच कॅमेरा घेतलता. काही दिवसांनी अल्बम आला, सारा तांडा गोळा झाला. डोंगरसिंगनं पहिलं पान पाह्यलं, दुसरं पाह्यलं, शेवटच्या पानापर्यंत गेला, अन् मंग विचारलं,

“मी कुठं हाओ?”

बाबुलालनं एका लाल डागावर बोट ठेवलं. “हे काय, तुमीच हा, मामाजी.”

“हे? मले वाटलं मांडवाच्या खांबावर कोनी लुगडं वाळू घातलं.”

लोक हसले. तिथंच सारं बिघडलं. आमच्या इकडं लग्नात मानाचा टोपी-दुपट्टा हलका निघाला म्हणून सोयरे वर्षं वर्षं एकमेकाच्या दारात पाय ठेवत नाहीत. इथं तर अख्खा नायक पुसला गेला होता अन् वरून लोक हसले होते.

बाबुलाल हात जोडून म्हणे, “मामाजी, इकडं पुढं या, खुर्चीवर बसा. तुमचा एकट्याचा काढतो, मोठा.”

“मी पुढं येनार नाही. कॅमेऱ्यासाठी नायक जागा सोडत नाही. मी जिथं बसतो तिथंच बसीन. तिथून मी साफ दिसलो पायजे, अन् माही पोरगी तिच्या वावरात उभी असन ते बी साफ दिसली पायजे. एकाच फोटोत. तोवर तुह्या घरचं अन्नपानी मले बंद.”

एवढं बोलून तो लिंबाखालच्या आपल्या ओट्यावर जाऊन बसला.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याचा राग, चार दिवस चालन. पण आधी कसं होतं, की बाजाराच्या दिवशी डोंगरसिंग बोरी अरबहून येताना लेकीच्या घरी थांबे, कढी-गोळे खाय, अन् मंग नाला ओलांडे. नंदाबाईची माय तिच्या लग्नाआधीच गेली होती. बाजाराचा दिवस म्हणजे तिचं माहेर चालून घरी येई. ते बंद पडलं. तिनं नवऱ्याले सांगून टाकलं, “माहा बाप माह्या घरचं जेवला पायजे. कसं करता ते तुमी पाहा.”

अन् बाबुलाल पाहायले लागला.

बाबुलाल कसा माणूस, ते सांगते. काटकुळा, डावा खांदा उतरलेला, कारण पिशवी नेहमी त्याच खांद्यावर. त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांवर मीठ वाह्यलं, हा पाठीवर तीन पायांचा स्टँड वाह्यते. बोलताना बी एक डोळा मिटते. बोरीच्या बस स्टँडजवळ त्याचा फोटो स्टुडिओ आहे, मागं बर्फाच्या डोंगराचा पडदा. दिवसभर लोकांले “हनुवटी जरा खाली, हलू नका” सांगून सांगून त्याले ती सवयच लागली. वखर वाहताना बैलांले म्हणे, हलू नका. न्हाव्याकडं दाढीले बसला तर न्हाव्यालेच म्हणे, हनुवटी जरा खाली. एका तेरवीत फोटो काढता काढता “थोडंसं हसा” म्हणून गेला, अन् लोक हसले बी.

तर असा माणूस एक दिवस स्टँड घेऊन आपल्या वावराच्या पार टोकाशी जाऊन उभा राह्यला. तिथून असं दिसते, की अगदी पुढं कपाशी, मधात आमच्या दोघांच्या घरामागचे आवार, त्याच्यामागं नाला, अन् नाल्यापलीकडं चढावर तांडा, पांढरं निशाण, लिंबाचं झाड, झाडाखाली डोंगरसिंग. अंतर किती, तर हाक मारली की ऐकू जाते. शिवी ऐकू जात नाही, पण समजते.

कपाशीत नंदाबाईले उभं केलं, ओटीत कापूस, अन् काढला फोटो. नंदाबाई झकास आली, तिच्या नाकातली फुली बी दिसे. तांडा मात्र पिठल्यात बुडाला होता.

मी विचारलं, “हे असं काहून होते रे?”

“काकू, सुई ओवताना तुमी डोळे काहून बारीक करता?”

“भोक दिसत नाही म्हनून.”

“तसंच हाय. कॅमेऱ्याच्या डोळ्याले बी भोक असते. ते मोठं उघडलं का एकच काहीतरी साफ येते. बारीक केलं का जवळचं बी साफ, दूरचं बी साफ.”

“मंग कर बारीक अन् मिटव भांडन.”

“बारीक केलं का उजेड कमी घुसते. मंग कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवा लागते. तेवढ्या वेळात कोनी हलू नाही.”

आता हे कोणी कोणाले सांगावं? कपाशीले? वाऱ्याले? तांड्यातल्या बकऱ्यांले? पुढच्या फोटोत कपाशीची पानं पंख्यासारखी फिरली होती, अन् बकऱ्या अशा लांबलेल्या की एकेकीले दोन तोंडं. नायक बाकी चांगला आला होता, फेटा साफ, हातातली काठी साफ. थोबाड तेवढं गेलं होतं, कारण तो सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत होता.

बाबुलाल फोटो घेऊन नाला ओलांडून गेला. डोंगरसिंगनं पाह्यलं अन् म्हणाला, “माह्या तोंडाले काय झालं? लकवा मारला का?”

“तुमी खर्रा चघळत होते, मामाजी.”

“मी माह्या ओट्यावर खर्रा बी खाऊ नाही?”

झालं. फोटो परत, अन् फोटोसंगं डबा बी परत.

डब्याची गोष्ट राह्यलीच. नंदाबाईनं हिंमत सोडली नव्हती. बाजाराच्या दिवशी ती बापासाठी रांधे, डब्यात भरे, डब्याच्या कडीले लाल दोरा बांधे, अन् बाबुलाल स्कूटरवर पुलाकडून फेरा मारून डबा तांड्यावर नेई. डोंगरसिंग झाकण बी उघडत नसे. “फोटो आनला का? मंग घेऊन जा.” डबा तसाच परत येई. पण नंदाबाईचं एक होतं, बापाच्या नावानं काढलेलं अन्न ती परत आपल्या चुलीपाशी आणत नसे. मंग ते जाईन कुठं? बाबुलाल दिवे लागायच्या वक्ताले आवारातल्या भिंतीवर टकटक करे. “काकू, डबा.” दिवसाचं त्याचं ते शेवटचं काम. मी भिंतीवरून तोंड वर काढलं का तो एक डोळा मिटून म्हणे, “हनुवटी जरा खाली,” अन् डबा माह्या हातात देऊन निघून जाई.

अन्न टाकू नाही, एवढं मले शाळेत न जाता बी येत होतं. त्या डब्यात काय काय आलं म्हणून सांगू. कढी-गोळे, सोल्यांची भाजी, लापशी, भरलेली वांगी. आमचे मारोतराव तर बाजाराच्या दिवशी दुपारी कमीच जेवत. एकदा म्हणाले, “नायकाचा राग टिकाऊ हाय हो. देव त्याले निरोगी ठेवो.”

बाबुलाल मात्र वाळून चालला होता. त्याले ह्या फोटोचं वेडच लागलं. हिवाळ्यात सकाळी जाय तर नाल्यावर धुकं. दुपारी जाय तर वावरातून झळा उठत अन् पलीकडचा तांडा पाण्यात पाह्यल्यासारखा हाले. संध्याकाळी जाय तर उजेड सरे. ह्या तिघांच्या मधात एक घडीभर बरी वेळ सापडे, तर तेवढ्यात वारा सुटे. मी त्याले वाऱ्याशी बोलताना पाह्यलं आहे. “हलू नका,” म्हणे.

एकदा सारं जमलं. वारा पडलेला, आभाळ धुतल्यासारखं. फोटो घेऊन गेला तर डोंगरसिंग म्हणे, “माह्या डोक्यावर ही गिधाडं कायची? मी मेलो का?”

खरंच, आभाळभर काळे ठिपके. बाबुलाल घरी येऊन डोकं धरून बसला. कॅमेऱ्याच्या पोटात धूळ गेलती. मोठ्या भोकानं फोटो काढला का ती धूळ दिसत नाही म्हणे, भोक बारीक केलं का सारी उघडी पडते. मंग दोन दिवस फुंकणीनं हळूहळू फू फू करत तो कॅमेऱ्याचं पोट झाडत बसला. नंदाबाई कुंकवाच्या बोटानं नजर काढू का विचारत होती.

मंग त्यानं भोक अजून बारीक केलं. पार शेवटचं. त्याले वाटलं आता तर मुंगीचे पाय दिसतीन. तर उलटंच, सारंच मऊ मऊ आलं, शिजलेल्या भातासारखं. मी म्हटलं, “सुई ओवताना डोळे लयच मिटले का आपल्याच पापन्या दिसतात, बाप्पा. जरा उघड.” तो हसला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं जरा उघडलं.

शेवटची अडचण राह्यली नजरेची. कॅमेऱ्याची नजर कुठं तरी ठेवा लागते. नंदाबाईवर ठेवली तर सासरा थोडा जाय. सासऱ्यावर ठेवली तर नंदाबाई जाय, अन् मंग रात्रीची भाकर करपे. फिरून फिरून त्याले समजलं की दोघांवर बी ठेवायची नाही. मधात ठेवायची, वावराच्या टोकापासून तांड्यापर्यंत जेवढी वाट, तिच्या तिसऱ्या हिश्श्यात. तिथं काय होतं? आमच्या आवारातला पाण्याचा रांजण. मले म्हणाला, “काकू, तुमच्या रांजनानं माही सोयरीक वाचवली.” मले काय, रांजण तिथंच राहते, अन् सकाळचं ऊन अन् डब्यातलं रातचं उरलेलं खात मी बी तिथंच बसते.

अर्पितानं बापाले सोपी वाट सांगतली होती. एकदा फोन काढून तिनं फटकन फोटो घेतला. “बाबा, हे पाहा, सारं साफ!” फोनच्या काचेवर खरंच सारं साफ होतं. बाबुलालचा चेहरा उतरला. पण आजोबा दिसावे म्हणून तिनं बोटांनी मोठं केलं, तर डोंगरसिंगच्या जागी फक्त चार चौकटी, एक लाल. मंग तिनं दुसरं काढलं, “दोन येगळे फोटो काढून कॉम्प्युटरवर जोडून टाकू. एकात आई साफ, एकात आजोबा.”

नंदाबाई भाकर थापत होती, थांबली. “बाप येगळा, लेक येगळी, अन् वरून चिकटवलं? त्याले काय मिटलं म्हनते का कोनी?”

तो विषय तिथंच संपला.

मंग एका साली वेचणीच्या दिवसांत फोटो पायजे तसा आला. मी सोताच्या डोळ्यानं पाह्यला. कपाशीचं बोंड असं की उचलून घ्यावं. नंदाबाई, तिच्यामागं आमचे आवार, नाला, चढावरची घरं, निशाणाची काठी, लिंबाची फांदी, अन् लिंबाखाली बोटाच्या पेराएवढा डोंगरसिंग, फेटा लाल, तोंड बंद. तोंड बंद, कारण तो बी फोटोच्या दिवशी आता खर्रा खात नसे. मी इकडून पाहे ना. ज्या सकाळी बाबुलाल स्टँड घेऊन वावरात जाय, त्या सकाळी नायकाचा फेटा धुतलेला राहे. रुसला होता, पण फेटा धुवून रुसला होता.

बाबुलाल पळतच गेला. परत आला तो पाय ओढत.

“काय म्हने?”

“धुकट म्हने.”

“अरे, साफ तर हाय!”

“तांड्यातले सारे म्हनाले साफ हाय. मामाजी म्हने, तुमी सारे जवायाचे. काकू, काहीतरी राह्यलं असन. नायक खोटं बोलनार नाही.”

हाच बाबुलालचा भोळेपणा. सासरा म्हणाला धुकट, म्हणजे धुकट. चांगल्या फोटोले तो पुढं किती साल सुधारत बसला. भिंग बदललं, स्टँडले दगड बांधले, नंदाबाईले श्वास धरायले लावला. फोटो दर साली जास्त साफ, अन् नायक दर साली जास्त तावात, “मागच्या खेपेपेक्षा बी धुकट!” तिकडं डबे परत येतच होते. इकडं आमचे मारोतराव गोल होत चालले होते.

मले ते कसं समजलं, ते सांगते. औंदा दसऱ्यानंतर मी पुलावरून येत होती. समोरून डोंगरसिंग काठी टेकत आला. मी पदर सावरला, म्हटलं रामराम घालन. त्यानं रामराम घातला, पण मले नाही. माह्या बाजूले कडब्याची गंजी उभी होती, तिले. अन् वरून विचारलं, “विमलबाई, मारोतराव बरे हाय ना?”

मी गंजीच्या वतीनं सांगतलं, “बरे हाय जी.”

घरी येऊन मी सरळ भिंतीशी गेली. “नंदा, इकडं ये. तुह्या बापाचा फोटो बरोबर हाय वं. बापच धुकट झाला.”

नंदाबाई नायकाची लेक, रडण्याच्या आधी डोकं चालवते. ‘बा, तुमचे डोळे गेले’ असं म्हटलं असतं तर म्हातारा अजून एक गोष्ट बंद करून बसला असता. ती तांड्यावर गेली अन् सगळ्यांसमोर म्हणाली, “बा, फोटो खराब हाय का डोळे, एकदाचं पाहून घेऊ. दारव्ह्याले डोळ्याचं शिबीर हाय. तुमचे डोळे चांगले निघाले, तर हे कॅमेरा विकून टाकतीन. पुन्हा नाव काढनार नाही.”

“कोन? जवाई? विकन?” डोंगरसिंग तसाच उठला. “जीप किती वाजता हाय?”

बाबुलालले हे संध्याकाळी समजलं. भिंतीपाशी येऊन उभा राह्यला. त्या दिवशी हनुवटीचं काही बोलला नाही. “काकू, डोळे चांगले निघाले तर?”

“निघनार नाही. तो कडब्याशी बोलते.”

“पन निघाले तर? मले दुसरं काही येत नाही हो.”

काळ्या-पिवळ्या जीपमधे डोंगरसिंग पुढंच बसला, ड्रायव्हरजवळ. फोटोत पुढं यायले तयार नाही, जीपमधे मागं बसायले तयार नाही. शिबिरातल्या डॉक्टरनं बॅटरी मारून पाह्यली अन् सांगतलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. डोंगरसिंगनं ते ऐकलं अन् बाबुलालले म्हणाला, “डोळे खराब होते, हे कबूल. पन त्याच्यानं फोटो चांगला हाय असं कुठं ठरते?”

एकेक करून दोन्ही डोळे झाले. काळा चष्मा लावून तो महिना-दीड महिना लिंबाखाली बसला. संक्रांत झाली, पट्ट्या गेल्या, औषधाचे थेंब सुटले, अन् एका बाजाराच्या दिवशी निरोप आला, “आना म्हना तो फोटो.”

बाबुलालनं ह्याच वेचणीतला फोटो मोठा करून काचेत बसवला होता. त्यानं तो स्कूटरवर छातीशी धरला, नंदाबाईनं डबा धरला, अन् मी पुलावरून पायी गेली. मले कोणी बोलावलं नव्हतं. पण एवढी वर्षं ज्या भांडणाचं खाल्लं, त्याचा निकाल ऐकायले जाणं भाग होतं.

तांडा जमला. डोंगरसिंगनं काळा चष्मा काढला, फोटो मांडीवर घेतला, अन् आधी सोताले शोधलं. सापडला. बोटानं मिशा चाचपल्या, फोटोतल्या, अन् मंग सोताच्या.

“साफ हाय,” तो म्हणाला.

बाबुलालचा श्वास सुटला.

“साफ हाय, पन मी एवढासा काहून? पोरगी हातभर, अन् नायक मुंगीएवढा?”

बाबुलाल सांगायले लागला, की मामाजी, दूरचं सारं साफ यायसाठी असंच भिंग लागते, त्याच्यात दूरचं बारीक येते. पण म्हाताऱ्याचं तिकडं ध्यान नव्हतं. त्याची नजर खाली सरकली होती, कपाशीवर. फोटो त्यानं जवळ घेतला, मंग दूर धरला, मंग पुन्हा जवळ. बकऱ्यांमागं धावणारी पोरं बी जागच्या जागी उभी राह्यली. बाबुलालनं सारा जन्म लोकांले हलू नका म्हटलं, ते त्या दिवशी न म्हणता झालं.

“नंदी,” तो म्हणाला, “तुहे केस कधी पिकले गं?”

नंदाबाई त्याच्यासमोरच उभी होती, डबा घेऊन. “झाले बा काही साल.”

त्यानं मान वर केली अन् फोटोतली सोडून खरी नंदाबाई पाह्यली. फोटोतलीशी ताडून पाह्यली. “तुही माय ह्याच वयात गेली,” एवढंच बोलला. नंदाबाईनं पदर तोंडाले लावला. माह्या बी डोळ्यात काही तरी गेलं, तांड्यावर धूळ लय असते.

तेवढ्यात त्याचं बोट फोटोच्या मधात आलं.

“अन् हे कोन बसली हाय, रांजनापाशी?”

जवळचं साफ येते, दूरचं साफ येते, हे मी ऐकून होती. नजर माह्याच रांजणावर ठेवलेली, म्हणजे साऱ्यात साफ मीच येणार, हे मले कोणी सांगतलं नव्हतं.

“मांडीवर डबा हाय. कडीले लाल दोरा हाय.” डोंगरसिंगचं बोट हलेना. “हा तर माहा डबा हाय! अन् हे खाऊन राह्यली!”

सारा तांडा माह्याकडं वळला. मी म्हटलं, “तुमी झाकन उघडत नव्हते जी. नंदा घरात घेत नव्हती. मंग मी काय नाल्यात सोडू?”

“मनजे इतके साल मी उपाशी राग धरला, अन् तो तुमाले पचला?”

“एकट्या मले नाही. मारोतरावाले बी.”

आधी लखन हसला, मंग त्याची बायको, मंग सारे. मले भेव वाटलं, की नायकावर पुन्हा लोक हसले, आता काय बंद होते. पण डोंगरसिंगच्या मिशा हालल्या.

“कढी-गोळे कसे राहत होते?” त्यानं विचारलं.

“लयच चांगले जी. गोळा फुटत नाही अन् कढी फाटत नाही.”

“हे हिच्या मायची रीत हाय,” तो म्हणाला. अन् हात पुढं केला. “आन नंदी तो डबा.”

लाल दोरा त्यानंच सोडला. आम्ही सारे पाहत राह्यलो अन् तो जेवला. मधातच एकदा थांबला, बाबुलालकडं पाह्यलं. “जवाई, कढी थंडी झाली. पुलावरून फेरा मारता तुमी. पुढच्या बाजारी मी तिकडंच येतो, गरम वाढा.”

बाबुलालनं नुसती मान हलवली. हलू नका म्हणणारा माणूस, मान कितीतरी वेळ हलवत होता.

“अन् ऐका. पुढच्या साली मले मोठा काढा. पोरगी आहे तेवढीच राहू द्या, मले मोठा करा. जागा मी सोडनार नाही.”

परत येताना पुलावर बाबुलाल माह्यासंगं पायी चालत होता, स्कूटर ढकलत. चेहऱ्यावर सुख अन् काळजी दोन्ही. “काकू, दूरचं मोठं काढाचं तर लांब भिंग लावा लागन. ते लावलं का जवळची नंदा धुकट होते.”

“मंग?”

“मंग पाहा लागन काहीतरी.” एक डोळा त्यानं मिटलाच होता.

घरी जाऊन मी चूल पेटवली. आज बाजाराचा दिवस अन् आज डबा नाही, असं मनाशी म्हणत पीठ जास्तीचं मळलं. मारोतराव दोनदा आवारात चक्कर मारून आले. बाबुलाल मधात पुन्हा तांड्यावर गेलता, डबा तिकडंच राह्यला होता तो आणायले.

दिवे लागायच्या वक्ताले भिंतीवर टकटक झाली.

“काकू, डबा.”

मी तोंड वर काढलं. “अरे, सारं चाटूनपुसून खाल्लं ना त्यानं माह्यासमोर! आता मले कायले?”

“मामाजी म्हने, विमलबाईची सवय मोडू नाही. डबा तिच्या भिंतीवरूनच घरी गेला पायजे.”

झाकण उघडलं तर बोरं, तांड्यावरची, लाल, गोड वासाची, डबा भरून. ती मी पदरात ओतून घेतली. डबा धुतला, रिकामा द्यायचा नाही म्हणून त्यात तुरीच्या शेंगा घातल्या, अन् भिंतीवरून परत दिला.

“हनुवटी जरा खाली,” बाबुलाल म्हणाला, अन् डबा घेऊन घरात गेला.